नकाशात न दिसणारं खळं

मार्च महिन्यात किनाऱ्यावरच्या एका शाळेत दहावीच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलायला गेलो होतो. समुद्राशी निगडित शिक्षण आणि त्यातली कामं, असा विषय होता. माझं बोलणं संपल्यावर मागच्या बाकावरचे एक तांडेल उठले. तळहातावर दोरीचे जुने चरे. म्हणाले, "सर, जाळ्यातून सुटावा म्हणून तर पोराला शिकवतोय. तुम्ही त्याला परत दर्याकडेच वळवताय. बरं, बोट नाही, मासळी नाही, नुसती धोरणं. धोरणावर कुणाचं पोट भरलंय?"

त्यांना त्या दिवशी जेमतेम दोन वाक्यांत उत्तर देता आलं. प्रश्न त्याहून मोठा होता, म्हणून हा लेख.

तांडेलांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बोट शाकारलेली, उरलेल्या हंगामात डिझेलचा खर्च निघेल की नाही याची धास्ती, आणि रात्री दूरवर एलईडी दिव्यांच्या झोतात दुसऱ्या कुणाची तरी जाळी भरताना बघायची. हे सोसलेला बाप मुलाला समुद्रापासून लांब ठेवू पाहतो, तेव्हा तो अनुभवाने बोलत असतो. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती चुकीची आहे. किनाऱ्याच्या धोरणाचं काम अजून निर्माण व्हायचंय, ते कुणी निर्माण केलं तरच नोकऱ्या मिळतील, असं ते धरून चालतात. काम तर कधीचंच सुरू आहे. भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरच्या पट्ट्यात जेटी बांधायची असो, हॉटेल असो, रस्ता असो की धूपप्रतिबंधक बंधारा, सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीचा, कागद लागतोच. त्यासाठी कुणीतरी नकाशा काढतं, कुणी अहवाल लिहितं, कुणी तो तपासतं, कुणी त्यावर हरकत घेतं आणि कुणी न्यायालयात उभं राहतं. या प्रत्येक कामाचे पैसे कुणाला तरी मिळतात. ते आपल्या गावातल्या मुलांना मिळत नाहीत, एवढंच.

कामाची ठिकाणंही काल-परवाची नाहीत. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 ची. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. राज्याने 2012 मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. शिवाय मत्स्यव्यवसाय विभाग, सागरी मंडळ, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, चेन्नईचं किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र, मच्छीमारांना मासळीच्या जागांचा आणि लाटांचा अंदाज देणारी हैदराबादची संस्था. पहिली काही वर्षं यातली बरीच पदं कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की माणूस पुन्हा रस्त्यावर येतो, हे मी पालकांपासून लपवत नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअरसारखी ठरलेली वाट इथे नाही. पण ठरलेली वाट नाही म्हणजे वाटच नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो, आणि तो घेणारे बहुतेक माझे मित्रच आहेत. ते म्हणतात, समुद्र कळायला कोळ्याला पदवी कशाला? शिकलेल्यांनीच तर कागद रंगवून किनारा विकला. आणखी शिकलेले तयार करून काय साधणार?

यातला राग खरा आहे. पण वरळीत काय घडलं ते पाहू. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जाणार होता. दोन खांबांत 60 मीटर अंतर पुरेसं आहे, असं सांगितलं जात होतं. वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार म्हणत होते, खवळलेल्या पाण्यात एवढ्या फटीतून बोट नेणं म्हणजे ती खांबावर आपटायला नेणं. त्यांनी काम अडवलं, वर्षभराहून अधिक झगडले, आणि डिसेंबर 2022 मध्ये 120 मीटर अंतर मान्य झालं. पूल झाला आणि बोटींची वाटही राहिली. ज्ञान मच्छीमारांकडे पहिल्या दिवसापासून होतं. मग आराखडा कागदावर असतानाच ते त्या कागदावर का उमटलं नाही? कारण आराखडा करणाऱ्यांच्या टेबलापाशी बसून लाटेची भाषा मीटरमध्ये मांडणारं कुणी नव्हतं. असं माणूस तिथे असतं, तर कोळीवाड्याला आपला मासेमारीचा हंगाम आंदोलनात घालवावा लागला नसता.

असं माणूस मिळालं की काय होतं, हे गोव्याने दाखवलं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर काठाशी येऊन रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, मासळी नेऊ लागले, तेव्हा रापणकारांचं मोठं आंदोलन उभं राहिलं. त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक, मातान्ही साल्दान्हा, पेशाने शिक्षक होते. पुढे 1980 मध्ये गोव्याचा आणि 1981 मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. रापणकाराचं दुःख रापणकारालाच ठाऊक होतं. ते कलमांत, अंतरांत आणि वावांत बसवणं हे वेगळं काम आहे, आणि ते शिकावं लागतं.

त्या कामाचा खरा गाभा मला एका जनसुनावणीत दिसला. एका तालुक्याच्या गावी किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मसुदा नकाशे भिंतीवर लावले होते. नकाशे इंग्रजीत, रंगांच्या खुणा इंग्रजीत, आणि समोर बसलेल्या बायका सकाळचा बाजार उरकून आलेल्या. त्यातल्या एका आजींना आपलं वाळवणाचं खळं नकाशात कुठेच सापडेना. पिढ्यान्‌पिढ्या जिथे बोंबील वलांडीवर चढतात आणि जवळा पसरला जातो, ती जागा तिथे नव्हतीच. होता नुसता एक हिरवट पट्टा.

यामागचं गणित साधं आहे. हा आराखडा 1:25,000 प्रमाणावर असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. 60 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद खळं त्यावर मोहरीच्या दाण्याएवढं होतं. हाच नकाशा गावपातळीच्या 1:4,000 प्रमाणावर काढला, तर तेच खळं अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. तिथे त्याला नाव देता येतं, हद्द दाखवता येते. मासेमारी गावं, मासळी सुकवण्याच्या जागा, जेट्या, बर्फ कारखाने अशा मच्छीमारांच्या सामाईक जागा नकाशात आल्या पाहिजेत, असं 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. नियम आजींच्या बाजूचा होता. तो त्यांना सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

पुढे अधिकारी "हाय टाइड लाइन" समजावू लागले. आजी गप्प. तेव्हा शेजारी बसलेली, कॉलेजात शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "आजी, आवस-पुनवेच्या उधाणाचं पाणी कुठवर येतं?" आजी लगेच म्हणाल्या, "कुठवर म्हणजे? आमच्या उंडीच्या झाडाच्या मुळाशी. आषाढात त्याच्याही वर, पायरीपाशी." आता कायद्यातली व्याख्या बघा. उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर ज्या सर्वांत वरच्या रेषेपर्यंत पोचतं, ती भरतीरेषा. शब्दशः आजींचंच उत्तर. भांगाचं पाणी वेगळं आणि उधाणाचं वेगळं, हे त्यांना व्याख्येच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. भरतीरेषा आखण्याचा अधिकार केंद्राने ठरवलेल्या मोजक्या संस्थांनाच आहे, आणि ते योग्यही आहे. पण त्या संस्थेच्या माणसाला त्या उंडीच्या झाडापाशी नेऊन उभं कोण करणार? त्या मुलीने विचारलेला एक प्रश्न म्हणजेच मी ज्या पेशाबद्दल बोलतोय तो पेशा.

म्हणून भाषेचा मुद्दा मला शोभेचा वाटत नाही. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच निघाला. तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व, म्हणजे 22 भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला त्या वर्षी 30 जूनला द्यावा लागला. असा मसुदा मराठीत आणायचा, तर कायदा, समुद्र आणि मराठी या तिन्ही गोष्टी येणारी माणसं हवीत. ती आज किती आहेत, याचा शोध मी बरीच वर्षं घेतोय. ओळखीच्या अशा माणसांची यादी माझ्या डायरीच्या एका पानावर मावते.

तिसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. आधी समुद्री जीवशास्त्र शिका, प्रवाळ मोजा, कासवं मोजा. आकडे हाती आले की धोरण आपोआप शहाणं होईल. विज्ञानाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही "आपोआप" या शब्दाशी माझं भांडण आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. तिथले प्रवाळ आणि खडपांतली जीवसृष्टी पाहता निवड अचूक होती. पण स्थानिक मच्छीमारांना त्यात पहिल्यापासून दिसली ती मासेमारीवरची बंदी, आणि विरोध अभयारण्याला चिकटून राहिला. आता वेळासला या. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळली. पूर्वी अंडी खाण्यासाठी उकरली जात. संस्थेने बंदीची पाटी लावण्याआधी गावाशी बोलणं सुरू केलं. गावातल्याच तरुणांनी घरटी राखली आणि पुढे कासव महोत्सव उभा राहिला. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली की खालून बाहेर आलेली तळहातापेक्षाही लहान पिल्लं ओल्या वाळूवर ठेवतात. मग ती आपल्या पायांनी लाटेकडे सरकतात, आणि दोरीपलीकडे उभे असलेले शे-दोनशे लोक श्वास रोखून बघतात. ते पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, तिथेच मोदक आणि घावने खातात. मासा वेगळा, कासव वेगळं, प्रश्नही सारखे नाहीत, हे मला मान्य आहे. तरी एवढं दिसतं की वेळासला आधी माणसं जोडली गेली आणि नियम मागून आला. सागरी शिक्षण म्हणतात ते हेच. ते छंद म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये तिथे जाऊन यावं.

हाच प्रश्न पापलेटचा. 2023 मध्ये सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर. शास्त्रज्ञांचं काम झालं, शासनाचंही झालं. पण पहाटे लिलावाच्या ओट्यावर टोपलीत त्याहून लहान पापलेट येतं, तेव्हा व्यापाऱ्याशी, खलाशाशी आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोण आहे? दंडाची पावती फाडणं सोपं आहे. ते लहान पापलेट जाळ्यातच येऊ नये म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार कसा असावा, हे तांडेलाशी बरोबरीने बसून ठरवणं अवघड, आणि तेच करायला हवंय.

आणि हो, "तुम्हाला विकासाच्या आड येणारी माणसं घडवायची आहेत," असंही ऐकून घ्यावं लागतं. डहाणूजवळ वाढवणला 76,220 कोटींचं बंदर होतंय. त्याच्या बाजूने उभं राहायचं की विरोधात, यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि मी मच्छीमारांच्या काळजीच्या बाजूचा आहे. पण बंदर हवं म्हणणाऱ्यालाही भराव, गाळ, प्रवाह आणि पुनर्वसन समजणारी माणसं लागतीलच. ती गावची नसतील तर बाहेरून येतील, आणि काम संपलं की निघून जातील.

मुलं विचारतात, मग शिकायचं काय? मत्स्यविज्ञान तर आहेच. पण वकील हवेत, भूमापन आणि जीआयएस येणारे हवेत, अर्थशास्त्राचे हवेत, पत्रकार हवेत. बी.एड. झालेले असे शिक्षकही हवेत, जे ओहोटीला वर्ग खडपांवर नेतील आणि पाठ्यपुस्तकातला निळा रंग म्हणजे काय ते पोरांना पाण्यात हात घालून दाखवतील. मुंबईत 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींनी गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या ओहोटीत लोकांना फिरवून हे करून दाखवलंय. एवढ्या गढूळ पाण्याच्या शहरात जे होतं, ते देवगडला आणि गुहागरला सहज होईल. पदवी कुठलीही असो, दोन गोष्टींना पर्याय नाही: अधिसूचना मुळातून वाचण्याची सवय आणि गावात बसून ऐकण्याचा धीर.

तांडेल, तुमच्या मुलाने यात यावंच, असा माझा हट्ट नाही. तो बँकेत गेला तरी मला आनंदच आहे. पण या पावसाळ्यात बोट वर ओढलेली असेल, तेव्हा दोन महिने संध्याकाळी त्याला शेजारी बसवा आणि एक वही घ्या. तुम्हाला ठाऊक असलेल्या प्रत्येक खडपाचं नाव त्यात लिहू दे. पाणी केव्हा कुठवर आलं ते आवसेला आणि पुनवेला लिहू दे, अष्टमीचं भांगही लिहू दे. रापण कुठे लागायची, खाडीचं तोंड तुमच्या लहानपणी कुठे होतं, बंधारा झाल्यावर पुळण कुठून खचली, जाळी कुठे सुकवता, होडी कुठे ओढता, सगळं. खळ्याची लांबी-रुंदी टेपने मोजून घ्या, चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, तारीख टाका. गावपातळीचे 1:4,000 चे नकाशे जेव्हा भिंतीवर लागतील, तेव्हा ती वही घेऊन तुम्ही दोघं या. मी तिथे असेन. हरकतीचा अर्ज मराठीत कसा लिहायचा, ते तिथेच बसून त्याला दाखवतो.