गोचिडांवर रॉकेल? नकोच!

पावसाने उघडीप दिली की आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. कुत्रा दोन दिवस जेवला नाही, नुसता पडून असतो. कानाची पाळी उलटून पाहावी तर आत गोचिडांचा घोसच. मालकांना विचारले की ते हसून म्हणतात, "गोचीड काय, असतातच हो डॉक्टर! अधूनमधून रॉकेल लावतो की."

या ‘असतातच’ला माझी हरकत आहे. गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे. तो रक्त पितो आणि पिता पिता तापाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडतो. एका प्रकारच्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात. मग नाकातून रक्त येते, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटतात. दुसऱ्यात तांबड्या पेशीच फुटतात. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. वेळीच रक्त तपासले तर दोन्हींवर औषध आहे. पण बहुतेक कुत्री आमच्यापर्यंत येतात ती घरचे सारे उपाय करून झाल्यावर.

आणि उपाय तरी कसले? रॉकेल, डिझेल, गॅरेजमधले जळके ऑइल. याने कातडी पोळते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा तेच पोटात जाते. याहून वाईट म्हणजे शेतातले फवारणीचे औषध. कपाशीवरच्या किडीला चालते, मग गोचिडाला का नाही, हा हिशेब सरळ वाटतो, पण जिवावर बेततो. लाळ गळू लागते, अंग थरथरते, झटके येतात, श्वास अडकतो. गुरांच्या गोचिडांचे औषधसुद्धा अंदाजपंचे ओतायचे नसते. (घरात मांजर असेल तर जास्तच जपा. परमेथ्रिन असलेले औषध कुत्र्याला सोसते, मांजराला ते विषच.)

ताप आला म्हणून घरातली अंगदुखीची गोळी पोळीत घालून देणारेही पुष्कळ. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आधीच प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव आणखी वाढतो. मुळात कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान. नाक कोरडे म्हणजे ताप, हेही खरे नाही.

माझे म्हणणे एवढेच की रोज संध्याकाळी पाच मिनिटे कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवा. कानाच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहा. एखादा गोचीड दिसलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नखाने चिरडू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. हल्ली गोचिडांसाठी खास गोळ्या आणि मानेवर सोडायचे थेंब मिळतात. महाग वाटतात खरे, पण आठवडाभराच्या सलाइनपेक्षा स्वस्तच. वजन करून, डॉक्टरांना विचारूनच द्या.

एक गोष्ट मात्र लोकांना पटवताना नाकीनऊ येतात. कुत्र्यावरच्या गोचिडांपेक्षा घरातले गोचीड जास्त असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. तेव्हा भेगा सिमेंटने बुजवा, कुत्र्याखालचे जुने पोते टाकून द्या, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. नाहीतर औषध संपले की महिन्याभरात पुन्हा तोच घोस.

आणि कोणी फवारणीचे औषध लावलेच असेल, तर हातमोजे घालून कुत्र्याचे अंग साबणाने, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. येताना औषधाची बाटली बरोबर आणा. आत काय होते ते कळले की उताऱ्याचे इंजेक्शन ठरवायला वेळ जात नाही.