चारबाटियाची धावपट्टी आणि संसदेची अनभिज्ञता

ओडिशात कटकजवळ चारबाटिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमानतळ आहे. २४ मे १९६४ रोजी तेथून ‘यू-२’ या टेहळणी विमानाने उड्डाण केले. विमान अमेरिकेच्या ‘सीआयए’चे होते आणि छायाचित्रे हवी होती ती चीनलगतच्या सीमेची. तीन दिवसांनी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि मोहीम स्थगित झाली. ही हकीकत अधिकृत कागदपत्रांच्या आधारे सर्वांसमोर आली, ती ऑगस्ट २०१३ मध्ये. तीही दिल्लीतून नव्हे, वॉशिंग्टनमधून. ‘सीआयए’ने स्वतःच लिहिलेला ‘यू-२’चा इतिहास तेव्हा बव्हंशी खुला झाला. अमेरिकी वृत्तपत्रांना त्यातील नेवाडातल्या ‘एरिया ५१’चेच अप्रूप अधिक होते, चारबाटियाचा उल्लेख बातमीच्या शेपटाशी आला.

या इतिहासाकडे ‘अलिप्ततेचे ढोंग उघडे पडले’ अशा आवेशात पाहणे मला पटत नाही. नोव्हेंबर १९६२ मधील परिस्थिती आठवावी. चिनी सैन्य ईशान्य सीमेवरून खाली उतरत होते आणि नेहरूंनी १९ नोव्हेंबरला केनेडींना पत्रे लिहून लढाऊ विमानांची पथके आणि रडार मागितली होती, तीही चालवणाऱ्या अमेरिकी मनुष्यबळासह. त्याआधीच ‘यू-२’ला भारतीय हवाई हद्दीत इंधन भरण्याची मुभा मिळाली होती. ही विमाने थायलंडमधील ताखली तळावरून येत आणि सीमेच्या पश्चिम भागासाठी ते अंतर फार पडे. म्हणून भारतातच तळ हवा होता. ३ जून १९६३ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन आणि केनेडी यांच्या भेटीत चारबाटियाला संमती मिळाली. धावपट्टी दुरुस्त होण्यात जवळजवळ वर्ष गेले. सीमेवर पुन्हा तणाव वाढल्यावर डिसेंबर १९६४ मध्ये विमान परतले आणि तीन मोहिमा यशस्वी झाल्या. पुढे चारबाटिया केवळ पुढचे ठाणे म्हणून उरले. जुलै १९६७ मध्ये तेही बंद झाले. या काळात भारताला चिनी फौजांच्या हालचालींची छायाचित्रे मिळाली, जी आपल्याला अन्य मार्गाने मिळणे अशक्य होते. सौदा म्हणून तो वाईट नव्हता.

सौद्यात जोखीम मात्र होती, आणि तिचे उदाहरण शेजारीच घडून गेले होते. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्सचे ‘यू-२’ पेशावरहून निघाले आणि सोव्हिएत भूमीवर पाडले गेले. ख्रुश्चेव्हनी पेशावरलाच लक्ष्य करण्याची धमकी दिली. पेशावरजवळच्या बडाबेर येथील अमेरिकी तळाचा करार दहा वर्षांचा होता. १९६८ मध्ये पाकिस्तानने तो वाढवण्यास नकार दिला. चारबाटियाचे विमान चीनमध्ये पडले असते, तर उत्तर दिल्लीला द्यावे लागले असते, आणि ते देणाऱ्या संसदेला प्रश्नच ठाऊक नव्हता. माझी तक्रार आहे ती एवढीच, गुप्ततेबद्दल नाही. मोहीम गुप्त ठेवणे आणि ती करण्याचा निर्णय कोणत्याही उत्तरदायित्वाबाहेर ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ही सवय मोडलेली नाही. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने आखाती युद्धाकडे निघालेल्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले. ते वर्तमानपत्रांतून बाहेर आले, काँग्रेसने आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत सवलत आटोपली. ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर सरकार टिकून होते, त्याच पक्षाने तेव्हा तत्त्वाचा मुद्दा केला. तत्त्व कितपत होते, याबद्दल मला शंका आहे.

२९ ऑगस्ट २०१६ रोजी मनोहर पर्रिकरांनी वॉशिंग्टनमध्ये ‘लेमोआ’ या रसदविषयक करारावर स्वाक्षरी केली. त्यात तळ देण्याची तरतूद नाही, हे सरकारने स्पष्ट केले होते, आणि ते खरे आहे. इंधन, दुरुस्ती, पुरवठा यांची परस्पर सोय व तिचा हिशेब, असे त्याचे स्वरूप आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी नौदलाचे ‘पी-८’ विमान याच व्यवस्थेखाली पोर्ट ब्लेअरला इंधनासाठी उतरले. लडाखमध्ये भारतीय व चिनी सैन्य समोरासमोर उभे असताना ते उतरले, म्हणून त्याचा अर्थ केवळ हिशेबाचा राहिला नाही. तळ न देताही संदेश देता येतो. तो कोणाच्या वतीने दिला, हे संसदेत विचारले जायला हवे होते.

रशियाशी असाच रसद करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. डिसेंबरमध्ये पुतिन यांच्या दिल्लीभेटीपूर्वी रशियाच्या दूमाने त्याला मतदानाने मान्यता दिली. आपल्याकडे असे मतदान आवश्यकच नाही. राज्यघटनेच्या संघसूचीत करार करणे हा विषय आहे, पण त्यासाठीची कार्यपद्धती ठरवणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. कार्यपालिका आपल्या अधिकारात करार करते. घटनेच्या कार्यवाहीचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये असा कायदा सुचवला होता. सर्व करार सभागृहात मांडणे मला अव्यवहार्य वाटते. परंतु परकीय लष्करी विमानांना भारतीय धावपट्टी वापरू देणाऱ्या करारांची माहिती संरक्षणविषयक स्थायी समितीला, बंद दाराआड का होईना, आधी द्यावी, एवढी तरतूद त्या कायद्यात सहज बसते.