हँडवॉशची बाटली पार्सलमध्येच का गळते? एका साध्या पंपामागची मोठी भानगड

गेल्या महिन्यात एक पार्सल आलं. फेसवॉशची पंपवाली बाटली, दोन पुस्तकं आणि एक चार्जर. खोका हातात घेतला तेव्हाच खालून ओलसर लागला. उघडला तर बाटली जवळपास तशीच, पण एका पुस्तकाची पानं चिकटून त्याची वीट झालेली. कस्टमर केअरने फेसवॉशचे पैसे लगेच परत केले. पुस्तकासाठी मात्र "ते वेगळ्या सेलरचं आहे" असं उत्तर आलं आणि त्यातच आठवडा गेला.

हे तुमच्याही बाबतीत झालं असेल. आपण चिडतो, एक स्टार देतो आणि विसरून जातो. पण पाच-दहा रुपयांचा हा प्लास्टिकचा पंप सध्या एका विचित्र कोंडीत सापडलाय. ऑनलाइन खरेदीमुळे तो पूर्वीपेक्षा जास्त घट्ट हवाय, आणि प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांमुळे त्याला घट्ट ठेवणारा एक भाग काढून टाकायची वेळ आलीय. तो भाग म्हणजे स्प्रिंग.

आधी पंप कसा चालतो ते पाहू, कारण गळती तिथेच सुरू होते.

दाबलं की साबण, पण सोडल्यावर काय?

पंपाच्या डोक्याखाली एक छोटी नळकांडी असते. तिच्यात दट्ट्या, स्प्रिंग आणि तळाला एक गोळी, स्टीलची किंवा काचेची. डोकं दाबलं की दट्ट्या खाली येतो, गोळी तळाचं भोक बंद करते आणि नळकांडीतला साबण वर तोंडातून बाहेर पडतो. हात काढला की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते, आत पोकळी तयार होते, गोळी उचलली जाते आणि लांब नळीतून नवा साबण वर येतो. गावातल्या हापशाचंच हे पिटुकलं भावंड म्हणा.

आता खरी गंमत. बाटलीतून साबण बाहेर गेला तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर काही दिवसांत बाटली चेपेल किंवा पंप ओढायचं थांबेल. म्हणून नळकांडीच्या भिंतीला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. डोकं वर असताना दट्ट्या ते भोक झाकून ठेवतो, डोकं खाली गेलं की भोक उघडतं आणि हवा आत शिरते.

म्हणजे बाटलीत जाणारी वाट कंपनीने स्वतःच ठेवलेली असते. बाटली बेसिनवर उभी असताना तिचा काहीच त्रास नाही. पण बाटली खोक्यात आडवी पडली, वरून दुसऱ्या खोक्याने डोकं दाबलं, आणि टेम्पो खड्ड्यांतून निघाला, की एकाच वेळी दोन गोष्टी होतात: पंप साबण बाहेर टाकतो आणि हवेची वाटही उघडी पडते. माझ्या पुस्तकाचं बहुतेक हेच झालं असणार.

दुसरी जागा म्हणजे बाटलीची मान. झाकण आणि मानेच्या मध्ये एक पातळ चकती असते. झाकण कमी आवळलं तर साबण आट्यांमधून झिरपतो. जास्त आवळलं तर चकती दबून राहते आणि काही आठवड्यांनी सैल पडते. त्यात बाटली एका कंपनीची, पंप दुसऱ्या कंपनीचा. मापं कागदावर जुळतात, पण साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मानेत केसभर फरक असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात भारी वाटलं. साबण स्वतःच प्लास्टिकला तडे पाडू शकतो. पॉलिथिनवर सतत ताण असेल आणि त्याच वेळी साबणातले फेस आणणारे घटक त्याला लागून असतील, तर हळूहळू बारीक चिरा पडतात. पॉलिथिन किती टिकेल हे तपासायच्या नेहमीच्या चाचणीत ते वाकवून साबणासारख्या द्रवातच बुडवून ठेवतात. त्यामुळे पंप आज गळत नाही म्हणून तीन महिन्यांनी गोदामात गळणार नाही, असं सांगता येत नाही.

महाबळेश्वर आणि विमान

घाट चढून गेल्यावर वेफर्सचं पाकीट फुगलेलं पाहिलंय ना? बाटलीतही तेच होतं. समुद्रसपाटीच्या मानाने महाबळेश्वरला हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत बंद केलेल्या बाटलीतली हवा तिथे पसरू पाहते. प्रवासी विमानात आतला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये बाटली २५ अंशांवरून ५० अंशांवर गेली, तर आतल्या हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो.

हा वाढलेला दाब साबणाला ढकलतो, आणि साबण सगळ्यात सोपी वाट शोधतो. बाटली उभी असेल तर फक्त हवा सुटते. आडवी किंवा उपडी असेल तर साबण. म्हणूनच पंपाच्या चाचण्यांमध्ये भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवून त्यांच्याभोवतीची हवा ओढून घेतात आणि टिपकागदावर डाग येतो का ते बघतात.

फेसवाला पंप तर अजून नाजूक

फेस देणाऱ्या बाटलीत खरं तर दोन पंप असतात, एक द्रवाचा आणि एक हवेचा. एका दाबात द्रवाच्या कितीतरी पट, साधारण दहा पट हवा त्यात मिसळली जाते आणि ते मिश्रण बारीक जाळीतून बाहेर येतं. कॅनमधल्या गॅसशिवाय, नुसत्या बोटाच्या दाबावर असा फेस काढणारे पंप १९९०च्या दशकात बाजारात रुळले. नेदरलँड्सची एअरस्प्रे ही त्यातली आघाडीची कंपनी.

पण जाळीतून जायचं तर द्रव पाण्यासारखा पातळ हवा, आणि पातळ द्रव घट्ट साबणापेक्षा कुठूनही लवकर झिरपतो. शिवाय बाटली आडवी झाली की द्रव हवेच्या कप्प्यात शिरू शकतो. एकदा तो कप्पा भरला की फेसाऐवजी पाणी पिचकतं. बेसिनवर पडणारा तो शेवटचा थेंब माहितीये ना? तो म्हणजे तोंडात अडकलेला फेस विरून झालेला द्रव. चांगल्या पंपात डोकं वर येताना तोंडातला उरलेला माल थोडा आत ओढून घेतला जातो. स्वस्त पंपात ही सोय नसते.

(जाता जाता: घट्ट हँडवॉश फेसवाल्या बाटलीत तसाच ओतू नका, जाळी चोंदते. आणि अर्धी बाटली संपली की वरून नवा साबण ओतायची सवयही बरी नाही. अमेरिकेच्या सीडीसीने रुग्णालयांना २००२ मध्येच हे करू नका असं सांगितलंय, कारण जुन्या उरलेल्या साबणात जिवाणू वाढू शकतात. बाटली पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा.)

पंपासाठी सरकारने निर्यात रोखली होती

हा विषय बारीकसारीक वाटत असेल तर २०२० आठवा. २१ मार्च २०२० रोजी केंद्राने २०० मिलिलिटर सॅनिटायझरची कमाल किंमत १०० रुपये ठरवली. अल्कोहोलचा प्रश्न साखर कारखाने आणि डिस्टिलरींनी बऱ्यापैकी सोडवला, त्यात महाराष्ट्रातले कारखानेही होते. अडलं कुठे, तर बाटलीच्या डोक्यावर. चीनमधून येणाऱ्या पंपांचा पुरवठा अडकला होता आणि इथे मागणी एकदम उसळली होती.

६ मेच्या आदेशानुसार अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरची निर्यात बंद होती. १ जूनला ती उठवली, पण एक अट ठेवून: पंप लावलेल्या बाटल्यांतलं सॅनिटायझर देशाबाहेर जाणार नाही, बाकी कुठल्याही पॅकिंगमधलं चालेल. म्हणजे सॅनिटायझर जाऊ दे, पंप राहू दे! ही अट ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. टंचाई कशाची होती हे यापेक्षा स्पष्ट कुठलाच सरकारी कागद सांगणार नाही.

पंपावर सगळा बाजार अडकतो हे एका अमेरिकन उद्योजकाने त्याच्या ४० वर्षं आधीच ओळखलं होतं. रॉबर्ट टेलर यांच्या मिनेटोन्का कंपनीने १९८० मध्ये 'सॉफ्टसोप' हा लिक्विड साबण देशभर आणला. मोठ्या कंपन्या नक्कल करणार हे त्यांना माहीत होतं आणि साबणाचं पेटंट मिळण्यासारखं नव्हतं. तेव्हा असे पंप बनवणारे पुरवठादार मोजकेच होते. टेलर यांनी त्यांच्याकडे तब्बल १० कोटी पंपांची ऑर्डर देऊन टाकली. स्पर्धकांकडे साबण होता, पंप नव्हते. १९८७ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने हा ब्रँड विकत घेतला.

मग आता अडचण काय?

अडचण स्प्रिंगची. आजच्या बहुतेक पंपांमध्ये ती स्टेनलेस स्टीलची असते. डोकं कितीही वेळा दाबा, ती तितक्याच जोराने वर येते. पण वापरून झालेल्या बाटलीच्या दृष्टीने हा पंप म्हणजे डोकेदुखी: तीन-चार प्रकारचं प्लास्टिक, आत धातू, कधी काच, आणि वेगळं करायला कुणाला वेळ नाही. भंगारवाला बाटली घेतो, पंप फेकतो. रिसायकलिंगच्या कारखान्यात धातू आला की तो माल बाजूला काढला जातो.

युरोपियन युनियनचा नवा पॅकेजिंग नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्तित्वात आला. तो लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६ आहे आणि २०३०पासून बाजारातलं पॅकेजिंग रिसायकल होण्याजोगं असावं, हे त्याचं मुख्य उद्दिष्ट आहे. भारतात २०२२च्या दुरुस्तीने उत्पादकांवर प्लास्टिक पॅकेजिंगची जबाबदारी टाकली. कडक प्लास्टिकच्या गटात २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९पर्यंत ६० टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक वापरण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं.

यावर कंपन्यांचं उत्तर म्हणजे पूर्ण प्लास्टिकचा पंप, ज्यात स्प्रिंगही प्लास्टिकची. काही तर एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे, म्हणजे बाटलीसकट थेट रिसायकलिंगला टाकता येतील असे. ऐकायला उत्तम. पण प्लास्टिकला एक खोड आहे. ते बराच काळ दाबून ठेवलं की तसंच राहतं. डोकं खाली फिरवून लॉक करायची जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेल. नव्या बाटलीवरचा तो 'ओपन' बाण त्याचाच. ही पद्धत प्रवासासाठी चांगली, कारण डोकं खाली असलं की ते चुकून दाबलं जात नाही, आणि बऱ्याच पंपांत त्याच अवस्थेत आतली वाट बुचासारखी बंद होते. प्लास्टिकची स्प्रिंग मात्र सहा महिने अशी दबून राहिली तर नंतर पुरती वर येईलच असं नाही.

म्हणून नव्या पंपांमध्ये डोकं वरच ठेवून, थोडं फिरवून लॉक करतात. स्प्रिंगला आराम मिळतो, पण डोकं खोक्यात उंच उभं राहतं, त्यावर भार येतो आणि सगळा ताण त्या लॉकच्या दातांवर पडतो. रिसायकल केलेलं प्लास्टिक वापरायचं झालं तर आणखी एक पेच. बाटलीत ते खपून जातं, पण पंपाच्या भागांची मापं फार काटेकोर लागतात आणि रिसायकल मालाचा दर्जा दर खेपेला सारखा नसतो.

मला विचाराल तर नियम योग्य दिशेने आहेत. ज्या बाटलीचं आयुष्य दोन महिन्यांचं, तिच्या डोक्यावर कायमचा कचरा बसवणं बंद व्हायलाच हवं. पण पंप गळला तर नुसता पंप वाया जात नाही. साबण जातो, खोका जातो, बबल रॅपचे अजून दोन थर लागतात आणि परतीच्या गाडीचं डिझेल जळतं. तो हिशेब नियमात कुठे दिसत नाही.

यात सगळ्यात जास्त मार बसतो तो लहान उत्पादकांना. मोठी कंपनी आपल्या बाटलीच्या मापाचा पंप बनवून घेते. घरगुती हँडवॉश किंवा शाम्पू इन्स्टाग्रामवर विकणारा छोटा ब्रँड किंवा बचत गट बाजारातून तयार बाटली आणि तयार पंप आणतो, आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च स्वतःच्या खिशातून भरतो. त्यातल्या अनेकांनी एक साधा तोडगा काढलाय: बाटलीला सील आणि साधं झाकण लावून पाठवायचं, पंप वेगळ्या पिशवीत. पंपाची नळी आत घातलेली असताना बाटलीच्या तोंडावर ते चिकट सील लावता येत नाही, म्हणून हा उपाय. ग्राहकाला अर्ध्या मिनिटाचं काम पडतं, पण पुस्तकं वाचतात. मोठ्या ब्रँडनी हे सर्रास का करू नये, हे मला अजून कळलेलं नाही. दुकानात बाटली तयार दिसावी म्हणून असेल, पण ऑनलाइन विकताना कोण बघतंय?

गळकं पार्सल आलं तर

उघडण्याआधी ओलं लागलं तर खोक्याचा फोटो आणि उघडतानाचा व्हिडिओ घ्या. बाटली पुसू नका, आधी पंप कुठून गळतोय ते दिसेल असा फोटो काढा: मानेतून, तोंडातून की डोक्याखालून. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आणि बाटली प्रवासात न्यायची असेल तर घरीच एक चाचणी करा. पंप लॉक करा, बाटली टिश्यूवर आडवी ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर बॅगेत टाका. ओला असेल तर पंप काढून साधं झाकण लावा. मी आता हेच करते, आणि पुस्तकं वेगळी मागवते.