पाहिलेल्या आकाशाची नोंद कुठे आहे?

पाऊस सरला की मुंबई-कल्याणकडची मंडळी दुर्बिणी घेऊन मुरबाड-शहापूरच्या माळांकडे वळतात. जवळच्या वांगणीत खगोल मंडळाने रात्रभराच्या आकाशदर्शनाचा पायंडा पाडला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शनीची कडी पाहून माणसे हरखून जातात, हे चांगलेच. पण ज्यांच्या डोक्यावर हे आकाश रोज असते त्या म्हसा, टोकावडे, किन्हवलीच्या मुलामुलींनी नुसते पाहून थांबू नये. दिसले ते मोजावे, लिहावे आणि जगाला कळवावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

त्यासाठी दुर्बीण हवीच असे नाही. मृगातला तांबूस काक्षी घ्या. हा रूपविकारी तारा, म्हणजे याचे तेज कमीजास्त होत राहते. मृग वर चढला की त्याची रोहिणीशी (प्रत ०.९) आणि प्रश्वाशी (०.४) तुलना करायची; प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका लहान तितका तारा उजळ. रोहिणीहून किंचित उजळ वाटला तर ०.८ लिहायचे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली तर तो आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून ओझरती नजर टाकायची. तारीख, वेळ, अंदाज आणि ढग-चांदणे लिहिले की नोंद झाली. २०१९च्या अखेरीस हाच तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकोळला, हे मोठ्या दुर्बिणींनी दाखवले. पण ही घसरण किती जगावेगळी आहे, ते कळले दशकानुदशके साठलेल्या नोंदींमुळे.

कोणी म्हणेल, चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५मध्ये पहिल्याच झटक्यात दोन हजारांवर नवे लघुग्रह शोधले, तिथे शाळेच्या वहीला कोण विचारतो? लघुग्रहांपुरते हे मला मान्य आहे. त्या कामाला कॅमेरा आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. काक्षीसारखे ठळक तारे मात्र त्या अजस्र दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला झेपतच नाहीत. शिवाय अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, तिथे पडलेला खंड इथून भरून निघतो. डोळ्याचा अंदाज एक-दोन दशांशाने चुकतो हे खरे, पण अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या की ती चूक बरीच निवळते. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी १९१९ ते १९५४ या काळात ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या रूपविकारी तारा निरीक्षक संघटनेकडे पाठवल्या. त्या शास्त्रज्ञांनी वापरल्या, अजून जपल्या आहेत.

अडचणी आहेतच. जुलै २०२०चा निओवाइज धूमकेतू कोकणात पावसाने झाकला. म्हशाच्या पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला मुंबईचा उजेड, त्यामुळे क्षितिजालगतचे धूमकेतू इथून अवघडच. पण ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंद असते. उत्तर मुकुट या तारकासमूहातला एक तारा १८६६ आणि १९४६मध्ये एकाएकी उजळून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला होता. त्याच्या पुढच्या उजळण्याची वाट पाहणाऱ्यांना, आदल्या रात्रीपर्यंत तो दिसत नव्हता, हे खात्रीने सांगणारा कोणीतरी हवा असतो.

आश्रमशाळांत मुले रात्री शाळेतच असतात. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू होते, पुढे वद्य पक्षात संध्याकाळी अंधार मिळतो आणि मृग वर आलेला असतो. मुख्याध्यापकांनी तेव्हा एक वही, घड्याळ आणि ताऱ्यांचा नकाशा मुलांच्या हाती द्यावा. जमलेल्या नोंदी इंग्रजी तक्त्यात भरून त्या अमेरिकेतल्या संघटनेकडे पाठवण्याचे काम ठाणे-कल्याणच्या खगोलप्रेमींनी अंगावर घ्यावे.