डिझेलची मोटार : लाभ कीं लोभ?

घरांत मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे रंग कोणता असावा, आसनें किती असावींत आणि सोयऱ्याधायऱ्यांत कोणती गाडी शोभून दिसेल, या प्रश्नांचा खल पुष्कळ होतो. परंतु त्या गाडीनें कोणतें तेल प्यावें, या प्रश्नाचा निकाल मात्र बहुधा शेजाऱ्याच्या एका वाक्यावर लागतो : "डिझेल स्वस्त पडतें हो !" हें वाक्य खोटें नाहीं; पण तें अर्धें आहे. कोणास स्वस्त, किती चालविल्यावर स्वस्त, आणि जी किंमत गाडीचा धनी देत नाहीं ती कोण देतो, हे तीन प्रश्न त्यांतून गळून गेले आहेत. प्रस्तुत लेखांत त्या तिन्हींचा यथाशक्ति विचार करावयाचें योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक अद्यापि विद्यार्थिदशेंत आहेत व त्यांस गाडी घेण्यास पुष्कळ अवकाश आहे. परंतु घरांतील वडीलधारी माणसें हिशेब मांडूं लागलीं कीं अंकगणिताची वही घेऊन जवळ बसण्यास कोणाची हरकत नसावी.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. त्याचा जनक रुडॉल्फ डिझेल हा जर्मन यंत्रशास्त्रज्ञ १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मला. त्या काळचें वाफेचें एंजिन कोळशांतील बहुतेक उष्णता वायां दवडीत असे, आणि ही उधळपट्टी त्याच्या बुद्धीस सहन होईना. १८९२ सालीं त्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट मागितलें, व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत त्याचें एंजिन परीक्षेस उतरलें. इंधनांतील सुमारें २६ टक्के शक्ति त्यानें प्रत्यक्ष कामास लावून दाखविली; वाफेच्या यंत्रांस ही मजल गांठतां आली नव्हती. लहान कारागिरास परवडेल असें यंत्र त्याच्या हातीं द्यावें, म्हणजे मोठ्या गिरण्यांपुढें त्याचा टिकाव लागेल, अशीहि डिझेलची आकांक्षा होती. त्याचें नांव पुढें श्रीमंतांच्या मोटारींवर झळकावें, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या एंजिनास ठिणगीचें कारणच नाहीं. तेथें नळकांड्यांत घेतलेली हवा दट्ट्या दाबीत नेतो, ती इतकी कीं तिचें आकारमान पंधराव्या ते अठराव्या हिश्श्यावर येतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यास पुढील गोष्ट सहज उमजेल. इतक्या दाबानें हवा ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें. या एका फरकांतूनच डिझेलचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष जन्मास आले आहेत. दाब अधिक म्हणून तेवढ्याच तेलांतून काम अधिक मिळतें; परंतु तो दाब सोसण्यासाठीं यंत्र जाड व भक्कम करावें लागतें, आणि म्हणून तें जड व महाग होतें. उष्णता अधिक म्हणून हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन अपायकारक वायु बनतात; आणि फवाऱ्यांतील सर्व थेंबांस हवा सारखी मिळत नाहीं म्हणून काजळी धरते.

आतां गुणांचा विचार करूं. एका लिटर डिझेलांत पेट्रोलच्या मानानें सुमारें दहा टक्के अधिक ऊर्जा सांठलेली असते, आणि वर सांगितल्याप्रमाणें एंजिनहि तिचा उपयोग अधिक काटकसरीनें करितें. या दोहोंमुळें, व्यवहारांत ज्याला 'ॲव्हरेज' म्हणतात तो डिझेल गाडीचा चांगला पडतो. दुसरें असें कीं, एंजिन मंद फिरत असतांहि त्याचा जोर मोठा असतो. सहा-सात माणसें व त्यांचें सामान घेऊन आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढतांना हा गुण प्रत्ययास येतो. तिसरा गुण कित्येकांच्या ध्यानांत येत नाहीं. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २·३ किलोग्रॅम व एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें २·७ किलोग्रॅम कर्बवायु बाहेर पडतो. परंतु पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर व डिझेलची २० किलोमीटर जात असेल, तर दर किलोमीटरमागें पेट्रोलचा कर्बवायु सुमारें १५३ ग्रॅम व डिझेलचा १३५ ग्रॅम भरतो. पृथ्वीचें तापमान वाढविणाऱ्या वायूपुरतें पाहिलें तर डिझेलची बाजू अशी वरचढ ठरते. आणि याच कारणास्तव युरोपांतील कित्येक सरकारांनीं १९९० नंतरच्या काळांत डिझेल मोटारींस उत्तेजन दिलें.

परंतु गृहस्थाचा पहिला प्रश्न पैशांचा असतो. तेव्हां पाटी-पेन्सिल घेऊं. समजा, एकाच नमुन्याच्या दोन गाड्या आहेत. डिझेलचें एंजिन महाग, शिवाय महाराष्ट्रांत डिझेल मोटारीवरील एकरकमी करहि पेट्रोलच्या मोटारीहून अधिक; म्हणून डिझेलच्या गाडीस एकंदर दीड लाख रुपये जास्त पडले असें धरूं. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये व डिझेलचा ९० रुपये धरूं, आणि ॲव्हरेज वर सांगितल्याप्रमाणें १५ व २० किलोमीटर. तर पेट्रोलच्या गाडीस किलोमीटरमागें ७ रुपये व डिझेलच्या गाडीस साडेचार रुपये खर्च येईल. म्हणजे दर किलोमीटरला अडीच रुपयांची बचत. दीड लाखांस अडीचनें भागिलें असतां भागाकार ६०,००० येतो. सारांश, साठ हजार किलोमीटर धांव झाल्यावांचून डिझेलची गाडी आपली जादा किंमत फेडीत नाहीं.

एखादा औषधांचा फिरता विक्रेता महिन्यास दोन हजार किलोमीटर हिंडत असेल, तर त्याची ही फेड अडीच वर्षांत होते, आणि पुढील प्रत्येक मैल त्यास नफ्याचा आहे. उलट, कचेरी, भाजीबाजार व रविवारीं एखादें लग्न, इतक्यापुरती गाडी बाहेर काढणारा गृहस्थ महिन्यास पांचशें किलोमीटरच चालवील. त्यास तेवढ्याच धांवेला दहा वर्षें लागतील ! त्यांत कर्जाचें व्याज आणि डिझेल एंजिनाच्या दुरुस्तीचा अधिक खर्च मिळविला म्हणजे मुदत आणखी लांबते. दर व आंकडे गांवोगांवीं व वर्षोवर्षीं बदलतील. परंतु हिशेबाची रीत बदलत नाहीं. ज्यानें त्यानें आपले आंकडे घालून तो मांडून पाहावा.

मग इतक्या लोकांनीं डिझेलच्या गाड्या घेतल्या तरी कां ? याचें उत्तर आपल्या देशाच्या इतिहासांत सांपडतें. एस्टीची मोटार, मालाची ट्रक व शेतकऱ्याचा ट्रॅक्टर हीं वाहनें डिझेलवर चालतात. म्हणून गोरगरिबांस महागाईची झळ लागूं नये या हेतूनें सरकार डिझेलचा दर बरीच वर्षें दाबून ठेवीत असे. पिंपरी येथें तयार झालेली टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्यें लोकांपुढें आली, आणि डिझेलवर चालणारी लहान मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. पुढें जून २०१० मध्यें पेट्रोलवरील नियंत्रण उठलें, पण डिझेलवरील राहिलें. मे २०१२ मध्यें दिल्लींत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलें असतां डिझेल ४१ रुपयांच्या आसपास मिळत होतें. सुमारें बत्तीस रुपयांची ही तफावत पाहून धनिकांच्या मोठमोठ्या गाड्या डिझेलकडे वळल्या. नांगरासाठीं राखलेल्या स्वस्त तेलावर दिवाणखान्याची ऐट चालूं लागली ! २०१२-१३ च्या सुमारास देशांत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं अर्ध्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलवरील नियंत्रणहि उठलें, तफावत आटत गेली, आणि जून २०२० मध्यें तर दिल्लींत डिझेल पेट्रोलपेक्षां महाग झाल्याचें दृश्य लोकांनीं पाहिलें. आतां नव्या मोटारींत डिझेलचा वांटा पंचमांशाच्या आसपास उतरला आहे. यावरून बोध इतकाच कीं, सरकारी दरावर उभारलेली काटकसर ही वाळूवरची भिंत होय. गाडी दहा-पंधरा वर्षें वापरावयाची असते. दर एका रात्रींत बदलतो.

आतां दोषांकडे, म्हणजे जी किंमत दुसरे देतात तिच्याकडे, वळूं. जून २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें डिझेल एंजिनाचा धूर मनुष्यास निश्चितपणें कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गांत घातला. त्यांतील काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात कीं ते नाकांत न अडकतां थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. नायट्रोजनचे वायु दम्याच्या रोग्यास विशेष जाचक होतात. हा धूर गाडींत कांचा लावून बसलेल्या धन्यापेक्षां पदपथावरून चालणाऱ्या मुलास, चौकांतील पोलिसास आणि रस्त्याच्या कडेस टोपली मांडून बसलेल्या भाजीवालीस अधिक भोगावा लागतो. ज्यांनीं अडीच रुपये वांचविले ते वेगळे, आणि ज्यांनीं त्याचें मोल दिलें ते वेगळे.

येथें न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, आजची नवी डिझेल गाडी ही वीस वर्षांपूर्वींच्या काळा धूर ओकणाऱ्या गाडीसारखी नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'बी. एस. सहा' हे नियम लागू झाले. त्यांनीं डिझेल मोटारीच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आणि नायट्रोजन-वायूंची २५० वरून ८० वर आणिली. तेलांतील गंधकहि दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आला. परंतु नियम कागदावर असणें वेगळें आणि रस्त्यावर असणें वेगळें. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें कीं, फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या डिझेल मोटारींत अशी योजना केली होती कीं परीक्षेच्या वेळीं धूर स्वच्छ निघावा व रस्त्यावर मात्र यंत्रणेनें हात आंखडता घ्यावा. जगभर सुमारें एक कोटी दहा लक्ष गाड्यांत ही लबाडी होती. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचें हें भव्य उदाहरण आहे !

नव्या गाडीच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती भरली म्हणजे तींतील काजळी उष्णतेनें जाळावी लागते, आणि त्यासाठीं गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एकसारख्या वेगानें पळवावी लागते. जो गृहस्थ शहरांत दोन-दोन मैलांच्याच फेऱ्या करितो त्याची गाळणी वरचेवर तुंबते, सूचनेचा दिवा लागतो आणि मिस्त्रीचें बिल वाढतें. मग कोणी शहाणा सल्ला देतो, "गाळणीच काढून टाका." हा सल्ला घेणें म्हणजे घरांतला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणें होय.

शिवाय कायद्याचें सावट आहेच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांस मनाई केली. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरिली. पेट्रोलच्या गाडीस मात्र तेथें पंधरा वर्षांची मुदत मिळाली. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें अशा गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करूं नये असा आदेश दिला. महिन्यास पांचशें किलोमीटर चालविणाऱ्याची फेड व्हावयास दहा वर्षें लागतात, हें वर आलेंच आहे. म्हणजे दिल्लीच्या त्या नियमान्वयें ज्या दिवशीं गाडी ऋणमुक्त होणार, त्याच दिवशीं तिचा रस्त्यावरील हक्क संपावयाचा !

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, बस व ट्रक यांचा धूर मोटारीहून कितीतरी अधिक असतां मोटारीवरच कटाक्ष कां ? आमचें उत्तर साधें आहे. बस पन्नास माणसें नेते, ट्रक धान्याचीं पोतीं नेते. मोटारींत पुष्कळदां एकटा धनी बसलेला असतो. ज्या धुरामागें अनेकांचें काम आहे तो कमी करण्याचा उपाय शोधावा. ज्याच्यामागें कामच नाहीं तो काढूं नये, हें बरें. शिवाय थोड्या धांवेच्या गृहस्थास आतां पेट्रोल, सी. एन. जी. व वीज असे दुसरे मार्ग खुले आहेत.

तात्पर्य, डिझेलची मोटार सरसकट वाईट नाहीं आणि सरसकट स्वस्तहि नाहीं. ज्याची धांव लांबची, ओझें मोठें, रस्ता घाटाचा आणि कारण खरें, त्यानें ती अवश्य घ्यावी. मात्र नव्या नियमांची घ्यावी, तिची गाळणी शाबूत ठेवावी आणि धुराचा दाखला पैसे टाकून नव्हे तर परीक्षा करून मिळवावा. ज्याची गाडी आठवड्यांतून पांच दिवस दारांत उभी असते, त्यानें डिझेलच्या नादीं लागूं नये. त्यास त्यांत लाभ नाहीं, केवळ लाभाचा भास आहे. आणि कोणतेंहि इंधन असो, शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाशीं गाडी उभी करून थंड हवेसाठीं एंजिन चालू ठेवणाऱ्या पालकांस एवढीच विनंति कीं, त्यांनीं तें बंद करावें. आंतून बाहेर येणाऱ्या मुलांत त्यांचेंहि मूल असतें.