आधी तीन गाड्या, मग फ्लेक्स

सूरजागडच्या खाणीवर काम लागलं, चार पैसे गाठीला जमले आणि आता 'कार बाजार' टाकायचा म्हणून जे आलापल्लीच्या चौकात जागा शोधत फिरतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमचं गणित मला कळतं. २०२१ पासून डोंगरावरचं खोदकाम नव्यानं सुरू झालं, कोनसरीला कारखाना उभा राहिला, आणि जिथे दिवसभरात मोजून एसट्या दिसायच्या तिथे आता बोलेरोमागे बोलेरो धावते. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं तर एक वडसा. तेव्हा माणसाला गाडी लागणारच, आणि नवी प्रत्येकाला झेपणार नाही. धंदा आहे, यात शंका नाही. मी चंद्रपुरात बारा वर्षं जुन्या गाड्या घेतल्या आणि विकल्या. तिथे जे ठेचकाळलो, ते सांगतो.

पहिलं सांगणं, फ्लेक्स छापू नका. दहा गाड्या रांगेत उभ्या असल्या की दुकान भरल्यासारखं वाटतं, पण उभी गाडी रोज पैसे खाते. समजा, सात-आठ वर्षं जुनी बोलेरो तुम्ही ४,२०,००० ला घेतली आणि तीन महिन्यांनी ४,७५,००० ला काढली. वर ५५ हजार दिसले. आता जीएसटी. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीच्या फरकावर सरसकट १८ टक्के आहे. आधी लहान गाड्यांना १२ होता. हा कर पूर्ण किमतीवर लागत नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, पण तो फरक काढताना तुमचा दुरुस्तीचा खर्च कुणी वजा करू देत नाही. तुमची नोंदणी असेल तर ९,९०० रुपये तिकडे गेले. दोन टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, थोडं डेंटिंग-पेंटिंग धरून २२ हजार. जागेचं भाडं महिना पाच हजार धरलं तरी १५ हजार. हातात राहिले ८,१००. आणि हीच रक्कम तुम्ही शेकडा दोनच्या व्याजानं उचलली असेल, तर तीन महिन्यांचं व्याजच २५,२०० होतं. म्हणजे गाडी विकून तुम्ही १७ हजारांनी खाली. लोक म्हणतील, पोट्ट्यानं काय भारी डील मारली!

म्हणून तीन गाड्या. स्वतःच्या पैशाच्या. तिसरी विकल्याशिवाय चौथी घ्यायची नाही. भाव कधी कुठून पडेल ते सांगता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आतली बोलेरो त्यातच बसते. नवी स्वस्त झाली की शेजारी उभ्या असलेल्या जुनीची किंमत त्याच दिवशी उतरते. ज्याच्याकडे दोन गाड्या होत्या तो थोडा कण्हला. वीसवाल्याचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

आता मुख्य गोष्ट. या धंद्यात गाडीपेक्षा नाव महत्त्वाचं. आरसीवर नाव कुणाचं, ते कधी बदलणार, कोण बदलून देणार, यावर तुमची झोप अवलंबून आहे. आपल्याकडे पद्धत काय, तर मालकाच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या घ्यायच्या, ते कागद डिकीत टाकायचे आणि गाडी पुढे ढकलायची. पुढचा घेणारा म्हणतो, दिवाळीनंतर नावावर करतो. दिवाळी येते, जाते.

माझंच सांगतो. २०१४ ला एका निवृत्त गुरुजींची स्कॉर्पिओ मी अशीच विकली. सह्या घेतल्या, पैसे मोजून दिले, गुरुजींनी घरी चहा पाजला. घेणारा गोड बोलणारा होता. नाव बदलायचे पैसे वाचवून दे म्हणाला, मी वाचवले. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. गडचिरोलीत ती १९९३ पासूनच आहे. वर्षभरात ती स्कॉर्पिओ देशीच्या पेट्यांसकट पकडली गेली आणि पोलिस पोहोचले ते गुरुजींच्या दारात. आयुष्यभर सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. फोनवर एवढंच बोलले, "भाऊ, गाडी तर मी तुला दिली होती ना?" पुढे किती खेटे घातले ते लिहीत नाही. गुरुजींच्या घरी मात्र मी पुन्हा चहाला गेलो नाही, जायचं तोंडच नव्हतं.

अपघाताचंही तसंच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की गाडी कितीही हात फिरलेली असो, नोंदणीच्या वहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाई त्याच्याच डोक्यावर. त्या प्रकरणातही गाडी एकामागून एक अशी अनेकांना विकली गेली होती, आणि नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं.

या भानगडीवर आता रस्ता निघालाय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळा भाग लागू झाला. फॉर्म २९ अ भरून परिवहन कार्यालयाकडे अर्ज करायचा, मंजूर झाला की पाच वर्षांचं अधिकारपत्र मिळतं. मग कुणाची गाडी ताब्यात घेतली की मालकानं आणि तुम्ही मिळून फॉर्म २९ क पोर्टलवर भरायचा. त्या क्षणापासून कायद्याच्या नजरेत मालक तुम्ही. विकणारा सुटला. नाव बदलाचा, एनओसीचा, फिटनेसचा अर्ज तुम्हीच करू शकता. त्याबदल्यात दोन बंधनं आहेत. ती गाडी ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी असल्या कामांखेरीज रस्त्यावर काढायची नाही, आणि काढली तर प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. मामाच्या लग्नाला यार्डातली इनोव्हा नेणं बंद. कितीतरी यार्डं आजही या कागदाशिवाय चाललेली मला दिसतात, आणि तुम्हालाही कुणी 'काही होत नाही गा' म्हणेलच. गुरुजींना आठवा. एटापल्लीहून गडचिरोलीचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय शंभर किलोमीटरच्या वर आहे, खेटा होतो, मान्य. पण तो एकदाच.

आपल्या भागात गाडी बघायला जाताना टॉर्च आणि पांढरं फडकं बरोबर न्या. इथल्या गाड्यांना दोन रोग असतात, लाल धूळ आणि पाणी. 'खाणीत लागलेली' गाडी विकणारा तसं सांगणार नाही. तो म्हणेल डॉक्टरांनी वापरलीय. एअर फिल्टर काढा आणि फडक्यावर आपटा. लोहखनिजाची धूळ मातीसारखी भुरभुर उडत नाही, जड पडते, आणि बोटावर घासली की गेरूसारखा डाग सोडते. मग मागे जाऊन बोलेरोचे पाटे बघा. बसलेले पाटे आणि मीटरवर ६० हजार, हे जमत नाही. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर मीटर मागे घेतलाय असं धरून चाला.

पाण्याची परीक्षा सीट बेल्टवर होते. बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी गुंडाळीच्या बुडापर्यंत. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की तालुका तुटतो, हे दर पावसाळ्याचं. जुलै २०२२ चा पूर तर सिरोंचाकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन लख्ख करता येते, सीट कव्हर नवं घालता येतं. बेल्टचा शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथे गाळाची आडवी रेघ सापडली की हात जोडून परत या, भाव कितीही पाडून मिळो.

मागची सीटही उचला. मी एकदा उचलली तर खालचा पत्रा नको इतका नवा दिसला. टिकटिक वाजवला, पोकळ. चोरकप्पा! बाटल्यांसाठी वेल्डिंग करून बनवलेला. अशा गाडीवर गुन्हा असू शकतो, आणि कोर्टातून ती सुपूर्दनाम्यावर सोडलेली असू शकते. सुपूर्दनाम्यावरच्या गाडीवर सहसा अट असते की खटला संपेपर्यंत विकायची नाही. आरसी स्वच्छ, विमा स्वच्छ, आणि तरी गाडी विकता येत नाही. म्हणून मालकाला तोंडावर विचारा, 'कधी जप्त झाली होती का?' आणि इसाराच्या कागदावर त्याच्या हातानं उत्तर लिहून घ्या. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. 'पुढच्या आठवड्यात येते' म्हटलेल्या एनओसीची मी सहा-सहा महिने वाट बघितलेली आहे.

सिरोंचाचा पूल ओलांडून तेलंगणातली गाडी आणायचा मोह होईल. तिथे भाव खरंच कमी दिसतो. पण तिथल्या कार्यालयाची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं, मग एमएच ३३ चा नंबर, एवढं धरून बेरीज करा. बहुतेक वेळा चंद्रपूरची, एमएच ३४ ची गाडी स्वस्त पडते. वेकोलीत किंवा वीज केंद्रात नोकरी, घर ते कॉलनी एवढंच चाललेली, बदली झाली म्हणून विकायला काढलेली. अशी एक गाडी मिळाली तर ती आधी घ्या.

पांढऱ्या पाटीची गाडी 'प्रवासी भरायला चालते' असं सांगून कुणाला विकू नका. चालत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि आपलं गिऱ्हाईक बहुतेक आयुष्यातली पहिली गाडी घेणारं असतं. कुणी माडिया बोलतो, अहेरीकडचा तेलुगू, मुलचेऱ्याचा बंगाली. मराठी कागदावर सही घेताना त्यात काय लिहिलंय ते त्याच्या भाषेत सांगणारा माणूस शेजारी बसवा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

जागेचं थोडक्यात. एटापल्ली, अहेरी, सिरोंचा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तुम्ही आदिवासी नसाल आणि जागा आदिवासीच्या नावावर असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे ती भाड्यानं घ्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. नुसत्या स्टॅम्पवरचा करार तिथे कामाचा नाही. तुम्ही स्वतः आदिवासी असाल, तर घरामागच्या तुमच्याच जागेत मांडव टाका. बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा तुमचं पाऊल तिथेच पुढे आहे.

राहिला मुहूर्त. आपल्याकडे पैसा दोनदा खेळतो. धानाचे चुकारे हाती आले की, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचे. खाणीचा पगार दरमहा येतो, पण गाडीचं डाउन पेमेंट अजून धान आणि तेंदूच भरतात, असा माझा अनुभव. चुकारे रखडले तर तुमचं गिऱ्हाईकही रखडणार, हे धरूनच उधारी ठेवा, किंवा ठेवूच नका. खरेदी पावसाळ्यात करा. रस्ते खराब, घेणारा कुणी नाही, विकणारा अडलेला. शिवाय गाडी कुठून गळते ते पावसातच कळतं. तोवर सहा महिने आलापल्लीत किंवा आष्टीत एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या गॅरेजवर फुकट बसा. हात काळे करा, पान्हे द्या, चहा आणा. कुठली गाडी कुणाची, कितव्यांदा इंजिन खोललंय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि उद्या तुमच्या तीन गाड्यांपैकी दोन तरी त्याच्याच सांगण्यावरून येतील.