पायरी घरी बनवा, पट्टा नको

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात वाळूज एमआयडीसीत चक्कर मारा, गेटागेटावर बॅनर लागलेले दिसतील. शपथ होते, पोस्टर स्पर्धा होते, आणि शेडवर चढणाऱ्या पेंटरला बेल्ट लावल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू देत नाहीत. आता तिथून गाडी गंगापूरच्या दिशेने काढा. फेब्रुवारी ते एप्रिल हा चिंचेच्या झोडणीचा मोसम. बांधावरच्या एखाद्या जुन्या चिंचेवर चाळीस फुटांवर माणूस अनवाणी उभा असतो, दोन्ही हातांत लांब काठी. खाली बाया साडीच्या पदरात आणि पोत्यात चिंचा गोळा करतात. दोर असतो हो झाडावर. पण तो काठी वर ओढायला आणि पोतं खाली सोडायला. माणसाला बांधलेला नसतो.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावात हे दृश्य दरवर्षी असतं, त्यामुळे त्यात बातमी वाटत नाही. तो पडला की मग चार ओळींची बातमी होते.

चिंचेची फांदी चिवट असते, जांभळासारखी कटकन मोडत नाही. म्हणूनच चढणारा बिनधास्त असतो. धोका फांदीपेक्षा काठीत जास्त आहे. ती जोरात फिरवायची तर दोन्ही हात सोडावे लागतात आणि सगळा तोल पायाच्या बोटांवर येतो. वीस फुटांवरून घसरलेला माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास चाळीस किलोमीटर असतो. बारावीच्या फिजिक्समधलं सूत्र आहे, स्वतः करून बघा. आणि वीस फूट म्हणजे मोठ्या चिंचेची फक्त पहिली-दुसरी फांदी.

पैशाचा हिशेब आणखी विचित्र. झाड बहुतेकदा व्यापारी उक्तं घेतो, म्हणजे चिंच झाडावर असतानाच सौदा होतो, आणि चढणारा त्या व्यापाऱ्याचा रोजंदारीवरचा माणूस. सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, २०२३ पासून या नव्या रूपात. उंचावरून पडून मृत्यू झाला तर त्यात दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. म्हणजे ज्याच्या बांधावर झाड आहे तो योजनेत, आणि जो झाडावर आहे तो भूमिहीन असेल तर बाहेर. हे शासनाने बदलायला हवं, आणि त्यासाठी कुठल्या समितीच्या अहवालाची वाट बघायची गरज नाही.

पण हा मजकूर शासनापेक्षा तुमच्यासाठी आहे. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, आयटीआय फिटर-वेल्डर, डिप्लोमावाल्यांसाठी. वाळूजमध्ये गल्लीगल्लीत फॅब्रिकेशनचं शॉप आहे, भंगारात नाही अशी वस्तू नाही, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडीमेड विकत आणणारेही आपल्यातच आहेत. (हसू नका, तुम्हाला दुकानं माहीत आहेत.) झाडावर चढायचं साधन हा कॉपी-पेस्ट न होणारा विषय आहे.

आधी कोणी केलंय का? केलंय. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी नारळावर चढायचं यंत्र बनवलं. खोडाभोवती तारेच्या दोरीचे दोन फास, प्रत्येकाला एकेक पायटा. एका पायावर भार दिला की तो फास आवळतो, दुसरा सैल करून वर सरकवायचा, मग उलट. नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘नारळवृक्षाचे मित्र’ घडवण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात अशी यंत्रं वापरून बायकाही चढायला शिकल्या. शेजारच्या तेलंगणाने २०२४ मध्ये ताडी काढणाऱ्यांना सुरक्षा किट द्यायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण नारळ आणि ताड सरळसोट असतात. चिंचेला दहा फुटांवरच फांद्या फुटतात. तिथे चेंबेरीचं यंत्र अडकून बसेल.

चिंचेला जवळचं उत्तर जरा अनपेक्षित ठिकाणी आहे. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला झाडावर चढून बसणारे लोक ‘ट्री सॅडल’ वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि आपण मचाणावर बसतो ते बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला. तेव्हा त्यांची बंदूक-बाण सोडा, पट्टा बघा. मांड्या आणि कंबर धरणारी झोळी, त्यात माणूस टेकून बसतो. एक दोर खोडाला वेढा घालून, दुसरा डोक्याच्या वर बांधलेला. फांदी ओलांडताना एक सोडायचा, तेव्हा दुसरा लावलेलाच असतो. दोन्ही एकदम कधीच सुटत नाहीत, आणि हात काठीसाठी मोकळे राहतात.

ह्या मंडळींची जुगाडाची हौस आपल्याइतकीच दांडगी. चढायच्या पायऱ्या, दोरीचे पायटे, पट्टीला गाठी मारून केलेल्या शिड्या ते घरीच बनवतात. पण त्यांच्यातले शहाणे एक रेघ पाळतात. पाय ठेवायची वस्तू घरी बनवायची, जीव ज्यावर लटकतो ती नाही. पायरी तुटली तर माणूस फूटभर घसरतो आणि पट्ट्यात अडकतो. पट्टा तुटला तर खाली जमीनच असते.

आपल्याकडे नेमकं उलटं होण्याची भीती आहे. भंगारातला गाडीचा सीटबेल्ट दणकट दिसतो, मोची तो शिवूनही देईल. पण ती गाडी कुठल्या अपघातातून आली, पट्टी एकदा ताणली गेली होती का, ऊन किती वर्षं खाल्लं, हे भंगारवाल्यालाही माहीत नसतं. बाजारातला स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हात ठिसूळ होतो. नुसता कमरेचा पट्टाही नको. पडताना झटका सगळा पोटावर आणि कण्यावर येतो. अमेरिकेत पडणाऱ्याला झेलण्यासाठी कंबरपट्टा वापरायला १९९८ पासून बंदी आहे. हार्नेस आयएस ३५२१ छापलेला, पावतीसकट घ्या. वाळूजमध्ये सेफ्टीचं सामान मिळणं अवघड नाही, अख्खी एमआयडीसी तेच घेते.

मग तुम्ही बनवायचं काय? फांदीला ओरखडा न पाडता बसणारी पायरी. पातळ सुतळीला वजन बांधून फांदीवरून दोर ओवायची सोपी पद्धत. दोन्ही दोर एका हाताने पुढे सरकतील अशी मांडणी, कारण फांदीफांदीला दोर अडकतो हीच खरी अडचण. त्यात वेळ जातो, वेळ गेला की रोज बुडतो, आणि रोज बुडत असेल तर चढणारा तुमचं साधन दुसऱ्या दिवशी झाडाखालीच ठेवून वर जाईल. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना प्रुसिकची गाठ माहीत असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने ती १९३१ मध्ये मांडली. जाड दोरावर बारीक दोरीचे तीन वेढे, भार आला की घट्ट, भार काढला की सरकते. तिथून सुरुवात करता येईल.

आणि चाचणी माणसावर नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये यूटीएम मशीन आहे, प्रॅक्टिकलला सळई ओढून तोडता तेच. त्यावर तुमची पायरी, तुमची गाठ, तुमची शिवण ओढा आणि कितीला तुटते ते लिहा. अंदाजासाठी, युरोपच्या ईएन ३६१ मानकात हार्नेसला १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाची ओढ तीन मिनिटं सोसावी लागते. मग सिमेंटची दोन पोती बांधून झाडावरून सोडा. त्यानंतर चढणाऱ्याला बोलवा, आणि त्याने नाकं मुरडली तर वाद घालू नका, वहीत लिहून घ्या.

हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने ‘प्रतिष्ठान’ हे चिंचेचं वाण दिलं आहे. कलमी झाडं बुटकी राहतात, म्हणजे पुढे कधीतरी चढायची गरज कमी होईल. पण आज बांधावर उभ्या असलेल्या चिंचा आजे-पणज्यांच्या वेळच्या आहेत आणि अजून पन्नास वर्षं त्या हलणार नाहीत.

प्रोजेक्टचे विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात, झोडणी फेब्रुवारीत सुरू होते. मधे सहा महिने आहेत. गाईडला विषय सांगण्याआधी एकदा गावातल्या चढणाऱ्याकडे जाऊन या.